बोर्डिंग, डबा आणि दुधाचं बिल

(माहितीपट. दृश्य : दसरा चौक, सकाळचे साडेनऊ. केएमटीच्या शहर बस, रिक्षा, शाळेच्या व्हॅन. कॅमेरा रहदारीवरून इमारतींच्या पाट्यांकडे.)

कोल्हापूरच्या दसरा चौकात सिग्नलला थांबलं की समोर शाहू महाराजांचा पुतळा दिसतो. त्याला हात जोडणारे पुष्कळ आहेत. भोवतालच्या पाट्या वाचणारे कमी. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, मिस क्लार्क बोर्डिंग. एकाच चौकाच्या आसपास एवढी वसतिगृहं कशाला, हा प्रश्न बाहेरगावच्या पाहुण्याला पडतो. कोल्हापूरकराला पडत नाही, कारण त्याचा आजा, चुलता, नाहीतर शेजारचे मास्तर यांतल्याच कुठल्या तरी खोलीत राहून शिकलेले असतात.

खरं तर प्रश्न रात्रीच्या मुक्कामाचा होता. सव्वाशे वर्षांपूर्वी भुदरगडकडचं, शिरोळकडचं पोरगं चार यत्ता शिकून हुशार निघालं, तर पुढची शाळा कोल्हापुरात. शाळेत नाव घालता येईल, पण निजायचं कुठं? जेवायचं कुणाच्यात? नातेवाईक असला तर ठीक. नसला तर देवळाची ओवरी. आणि पोरगं अस्पृश्य मानलेल्या जातीतलं असेल तर ओवरीही नाही. मग पोरगं गावी परत, औताच्या मागं.

शाहू महाराजांनी हे नेमकं हेरलं. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग आलं. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं नाव त्याला दिलं. जागा दरबारानं द्यायची, अनुदान दरबारानं द्यायचं, कारभार त्या त्या समाजानं बघायचा, अशी रीत. बघता बघता कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणायला लागले.

जातवार वसतिगृहांची ही वाटणी आज डोळ्याला खुपते. खुपायलाच हवी. पण त्या काळी एका पंगतीला बसायचं म्हटलं की आईबापच पोराला माघारी नेत. पोरगं आधी शिकू दे, पंगतीचं पुढं बघू, असा तो हिशेब असावा. आणि पंगत मोडणारी पोरं त्या खोल्यांतूनच निघाली. कुंभोजचे भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर, जैन बोर्डिंगात राहायचे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला ते गेले आणि परत आल्यावर अंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, अशी हकिगत सांगतात. याच भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली. पोरांच्या पोटाला धान्य नव्हतं त्या दिवशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकायला काढून दिलं.

कर्मवीरांचे पुतळे गावोगावी आहेत. लक्ष्मीबाईंचे किती, ते ज्यानं त्यानं आपल्या तालुक्यात मोजावेत.

(दृश्य : प्रयाग चिखली. शाळेचं पटांगण, मागं उसाचे फड.)

1917 मध्ये करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड. त्या काळचा रुपया, बरं का. या कायद्याखालची पहिली शाळा 1918 मध्ये या चिखलीत सुरू झाली. पंचगंगेला पूर आला की आज टीव्हीवर पहिलं नाव येतं तेही याच गावाचं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात, पाढ्यांच्या आधी.

(दृश्य : राधानगरी तालुक्यातलं एक गाव. पहाटे पाच. गोठ्यातला बल्ब.)

आता कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवरचं एक घर. नाव-गाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलं. दोन म्हशी, एक रेडी, वीसेक गुंठे ऊस, थोडी भातजमीन.

घरातली बाई पहाटेच उठलेली आहे. धार काढून झाली की किटली घेऊन डेअरीवर. डेअरी म्हणजे गावातली दूध संस्था. एका खोलीत वजनकाटा, मशीन आणि रांग. बाटलीभर दूध मशीनला लागतं, पडद्यावर फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागाचे) आकडे उमटतात, कागदाची चिटोरी बाहेर येते. बाई चिटोरी वाचते, घडी घालते, कनवटीला लावते. फॅट कालच्यापेक्षा दोन पॉइंटनं कमी आलीय. "वैरण बदलली न्हवं," ती म्हणते आणि किटली विसळायला लागते.

दर दहा दिवसांनी बिल निघतं. त्यातून पेंडेचे पैसे वजा होतात, उरलेले बँकेत. उसाचे पैसे वर्षातनं येतात, ते सोसायटीचं कर्ज फेडण्यात जातात आणि ते नवऱ्याच्या नावावर. दुधाचं बिल बाईच्या हाताशी. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पोरांच्या फीचे, क्लासचे, खोलीभाड्याचे पैसे इथून उभे राहतात. दिवाळीच्या तोंडावर वर्षाच्या दुधाच्या दरातला फरक मिळतो, तो सहामाहीच्या फीला नेमका उपयोगी पडतो. शिक्षणावरच्या परिसंवादात म्हशींचा उल्लेख आम्ही तरी कधी ऐकला नाही.

ही बाई दहावी पास आहे. तेव्हाच्या मानानं मार्क चांगले पडले होते. पाठचा भाऊ आठवीत. घरात एकालाच शहरात ठेवण्याइतकी ताकद. निर्णय झाला म्हणावं तर कुणी घेतला नाही. ती घरी राहिली, एवढंच. दोन वर्षांनी भाऊ कोल्हापूरला बोर्डिंगात गेला. बोर्डिंगात खोली मिळायची, जेवण ज्यानं त्यानं बघायचं.

म्हणून डबा.

(दृश्य : गावच्या पारापाशी उभी मुक्कामाची एसटी. ड्रायव्हर काच पुसतोय.)

रात्री शेवटची गाडी गावात मुक्कामाला यायची आणि सकाळी सहाला कोल्हापूरला सुटायची. आजही काही गावांत येते. सहाच्या गाडीत डबा द्यायचा तर साडेचारला चूल पेटवायची. तीन-चार भाकऱ्या, एखादी कोरडी भाजी, खर्डा. आमटी नाही, सांडते. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, म्हणून गरम असतानाच फडक्यात गुंडाळून वर ताटली दाबायची. डब्याला सुतळी आणि झाकणावर रंगानं पोराचं नाव. डबा कंडक्टरच्या नाहीतर ड्रायव्हरच्या पायाशी. त्याचं तिकीट नसायचं, पावती नसायची. कोल्हापूरच्या स्टँडवर पोरं आपापल्या गावच्या गाडीची वाट बघत उभी. भरलेला घ्यायचा, कालचा रिकामा द्यायचा. गाडी बंद पडली, संप झाला, घाटात दरड आली की त्या दिवशी वडापाव.

या बाईनं, म्हणजे त्याच्या ताईनं, लग्न होईपर्यंत हा डबा भरला. मग आईनं. भाऊ डिप्लोमा झाला, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत लागला, आता सुपरवायझर आहे. फुलेवाडीत दोन खोल्यांचं घर बांधलंय, वरचा मजला अजून सळयांवर आहे.

(दृश्य : फुलेवाडीतलं घर. भिंतीवर लग्नाचा फोटो, खाली कॉटवर पुस्तकं.)

आम्ही त्याला विचारलं, ताईला कधी म्हणालात का, की तुझ्यामुळं शिकलो? तो हसला. कॅमेरा बंद आहे का, विचारलं. आम्ही बंद केला नाही.

"असं कोण म्हणतं व्हय बहिणीला? पहिल्या पगाराला साडी नेली. तर म्हणाली, एवढी भारी कशाला, रानात नेसायची हाय मला."

साडी ट्रंकेत आहे. आम्हाला दाखवली. घडी मोडलेली नाही.

त्यानं बोलून दाखवलं नाही, पण ताईच्या लेकीचा दहावीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी मोटारसायकल काढून गावी गेला आणि तिला कोल्हापूरला घेऊन आला. ती आता मामाकडं राहते, बारावी सायन्सला आहे. कोल्हापुरातली कॉलेजं बघा, असा मामा, मावशी, आत्या, चुलता प्रत्येक वर्गात सापडेल. शासनाच्या कुठल्या तक्त्यात हे वसतिगृह धरलेलं नसतं.

(दृश्य : महा-ई-सेवा केंद्र. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हातात फायली.)

पोरीला फार्मसीला जायचंय. 2024 मध्ये शासनानं 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली. मोठी गोष्ट आहे. त्याआधी बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास मोफत झाला होता. त्या पासानं किती पोरींची शाळा वाचली, हे कुठल्याही एसटीच्या मागच्या सीटवर बसून बघावं.

पण माफी आपोआप होत नाही. उत्पन्नाचा दाखला पाहिजे, रहिवासाचा पाहिजे, आधारवरचं नाव मार्कलिस्टशी जुळलं पाहिजे. पोरीचा बाप आज शेतावरचं काम टाकून आलाय. ओटीपी त्याच्या मोबाइलवर येणार आहे, आणि मोबाइल चार्जिंगला घरी राहिलाय. केंद्रातला पोरगा वैतागत नाही, सवय आहे. "काका, उद्या या. सकाळी या पण. दुपारी सर्व्हर बसतो."

आणि फी माफ झाली तरी सव्वाशे वर्षांपूर्वीचा प्रश्न तसाच उभा आहे. राहायचं कुठं, जेवायचं कुठं? सरकारी वसतिगृहात जागा मोजक्या. अनुसूचित जातीच्या मुलांना वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेतून पैसे मिळतात, ते आले की आले. शिवाजी विद्यापीठात कमवा आणि शिका योजनेतली पोरं विद्यापीठातच काम करून राहतात आणि शिकतात. बाकीच्यांना मेसचा महिना, खोलीचं डिपॉझिट, आणि हे भरायला पतसंस्थेत सोनेतारण. मंगळसूत्र अजून शिक्षणाच्या कामी येतंय, एवढंच म्हणायचं.

(दृश्य : जुलै. राधानगरी धरण, पाऊस.)

पावसाळ्यात फुलेवाडीतल्या घरातला फोन दिवसातून चारदा वाजतो. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी वाढलं की आपोआप उघडतात. किती उघडले, यावर भोगावतीकाठची माणसं बोलत असतात. हे धरणसुद्धा शाहू महाराजांनीच हाती घेतलेलं. रस्त्यावर पाणी आलं की एसटी बंद, दुधाची गाडी बंद. दूध घरात राहतं, बिल बुडतं. फोनवर पोरीच्या आईची भाषा मात्र पावसाची नाही.

"जेवलीस काय?"

"जेवलो, आई. ठेव आता, पेपर हाय उद्या."

एवढंच संभाषण. चारदा.

(दृश्य : फुलेवाडी, संध्याकाळ. स्वयंपाकघर.)

हा माहितीपट करताना आम्ही मामाशी तासभर बोललो, ताईशी गोठ्यात बोललो, पोरीशी बोललो. शेवटच्या दिवशी सामान आवरताना लक्षात आलं, की चहा, पोहे, दुपारचं जेवण जिनं आणून दिलं, तिला एकही प्रश्न विचारलेला नाही. मामी. घरात स्वतःची दोन पोरं, नवरा पाळीच्या ड्युटीवर, आणि दोन वर्षांपासून नणंदेची लेक. पाहुणे मामाचं कौतुक करतात, बहिणीची जाण ठेवली म्हणतात. भाकरी मामी थापते. ताईच्या भाकरीची परतफेड जी चाललीय, ती जिनं ते देणं कधी घेतलंच नव्हतं, तिच्या हातून चाललीय.

कॅमेरा पुन्हा लावला. मामी पदर सावरून काटवटीसमोर बसल्या. भाचीचं एवढं करता, जड नाही का जात, असं विचारलं.

"जातं की," मामी म्हणाल्या. "न जायला काय झालं? सिलिंडर आधी दीड महिना पुरायचा, आता महिन्यातच संपतोय. पण नणंदबाई दर आठवड्याला दही, तूप, तांदूळ धाडत्यात एसटीनं. एक बार रिकामा डबा माघारी आला न्हाई. आणि पोरगी गुणी हाय. आमच्या बारक्याला गणित तीच शिकवती, त्याचा क्लास बंद केला मी, तेवढं पैसं वाचलं."

फार्मसीची चार वर्षंही ती इथंच राहणार का?

मामींनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि आतल्या खोलीकडं बघून जरा मोठ्यानंच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. पण रात्रीची भांडी तिनं घासायची. हे आत्ताच ठरवून घेतो मी, मागनं भांडण नको."

आतून उत्तर आलं, "ऐकलं, मामी. आणि परीक्षेच्या महिन्यात?"

"परीक्षेच्या महिन्यात मामा घासतील."