खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मासा निवडताना

दृश्य १ : शाहूपुरीतील दुकान, सकाळची वेळ. थर्माकोलचे खोके उघडले जात आहे.

मुंबईहून रात्रीच्या बसने निघालेले हे खोके सकाळी कोल्हापुरात उतरते आणि दुकानाचे शटर अर्धे वर असतानाच उघडले जाते. प्रत्येक पिशवीत थोडे खारे पाणी, त्यावर प्राणवायू आणि एकच मासा आहे. दोन मासे एकत्र भरले, तर ते प्रवासात एकमेकांना जखमी करतात आणि एकाने सोडलेला अमोनिया दुसऱ्यालाही भोवतो. गोल्डफिश, गप्पी आणि एंजल यांच्या टाक्या कोल्हापुरात घरोघरी दिसतात. समुद्री मासे पाळणारी घरे मात्र थोडी आहेत. त्या थोड्या घरांपैकी एका घरासाठी आज मासे निवडायचे आहेत. टाकी कशी बसवावी याची माहिती पुष्कळ ठिकाणी मिळते. त्यामुळे टाकीत कोणता मासा सोडावा आणि मुख्य म्हणजे कोणता सोडू नये, याकडेच आपण अधिक लक्ष देणार आहोत.

दृश्य २ : राजारामपुरीतील घर. काचेची टाकी, मिठाची बादली, खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर.

ही टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे, म्हणजे तिच्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते. लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने तिला साडेसहा किलोच्या आसपास समुद्री मीठ लागले. हे स्वयंपाकाचे मीठ नव्हे; यात कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे क्षार समुद्राच्या प्रमाणात मिसळलेले असतात आणि ते आरओच्या पाण्यातच विरघळवावे लागते. गणपतीपुळ्याहून परतताना कॅनमध्ये समुद्राचे पाणी भरून आणण्याचा मोह अनेकांना होतो. किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ असते आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने त्याचा खारटपणाही उतरतो, त्यामुळे ते वापरू नये, असे या घरातील गृहस्थ सांगतात. टाकी भरल्यानंतर सहा आठवडे ती माशांविना चालू होती. या काळात दगडांवर जिवाणूंची वस्ती होते; ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. तपासणीत पहिले दोन्ही शून्यावर आल्यानंतरच आज मासे आणायचे ठरले.

समुद्री माशाला पाण्यातील फरक इतका का जाणवतो, हे समजून घेतले तर निवड करताना हात आपोआप आखडतो. बाहेरचे पाणी त्याच्या रक्तापेक्षा खारट असल्यामुळे त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेर झिरपत असते; ती तूट भरून काढण्यासाठी तो खारे पाणी पितो आणि जादा मीठ मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. हा व्यवहार रात्रंदिवस चालू असतो. एप्रिलमधील कोल्हापूरच्या दुपारी टाकीतील पाण्याची वाफ होते, परंतु मीठ मागेच राहते. म्हणून घटलेली पातळी खाऱ्या पाण्याने नव्हे, तर गोड्या आरओ पाण्याने भरावी लागते.

दृश्य ३ : पुन्हा दुकान. टाक्यांच्या रांगा, माशांचे जवळून चित्रण.

मासळी बाजारात कल्ला उचलून लाल रंग पाहिल्याशिवाय सुरमई न घेणारा कोल्हापूरकर या दुकानात आला, की रंग पाहून भाळतो. इथेही पाहायचा तो कल्लाच, फक्त तो हलतो कसा ते पाहायचे. या टाकीतील पिवळ्या माशाचे कल्ले धाप लागल्यासारखे उघडझाप करीत आहेत. त्याचा रंग कितीही झळकत असला, तरी तो घ्यायचा नाही. शेजारच्या माशाच्या पंखांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आहेत. क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीची ही खूण आहे. अनेक दुकानांत सगळ्या टाक्यांचे पाणी एकाच फिल्टरमधून फिरत असते, म्हणून एका टाकीत ठिपके दिसले, तर त्या दिवशी त्या रांगेतील कोणताच मासा न घेणे शहाणपणाचे ठरते.

आता हा मासा समोरून पाहावा. डोक्यामागे, पाठीच्या दोन्ही अंगांना मांस भरलेले हवे. तिथे खळगा पडला असेल आणि पोट आत गेले असेल, तर मासा बरेच दिवस उपाशी आहे. शेवटची परीक्षा खाण्याची. आमच्या विनंतीवरून दुकानदारांनी टाकीत गोठवलेल्या आर्टेमियाचा, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतल्या इवल्याशा जिवांचा, चिमूटभर गोळा सोडला. डावीकडील दोन मासे लगेच झेपावले. उजवीकडील मासा जवळ आला, तोंडात घास घेतला आणि बाहेर टाकून दिला. ‘मासा खातो का ते माझ्यासमोर दाखवा,’ असे सांगण्यात ग्राहकाने संकोच बाळगू नये. चांगला दुकानदार यावर रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्याकडून मासा न घेतलेलाच बरा.

दृश्य ४ : राजारामपुरीतीलच दुसरे घर. टाइलच्या तुकड्यावरील अंडी.

दुकानदाराला विचारायचा आणखी एक प्रश्न आहे, आणि आमच्या मते तोच पहिला असायला हवा : हा मासा समुद्रातून पकडलेला आहे की टाकीत जन्मलेला? नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश या दुसऱ्या घरात गेली काही वर्षे नांदतो आहे आणि त्याने या टाइलवर अंडी घातली आहेत. ताजी अंडी नारिंगी दिसतात. ही अंडी काही दिवसांची आहेत आणि प्रत्येकात चंदेरी डोळ्यांची जोडी स्पष्ट दिसते. अंड्यांवर पंखांनी वारा घालणारा हा लहान मासा नर आहे. मागे फिरणारी मोठी ती मादी. क्लाउनफिशची सगळी पिल्ले आधी नर असतात. गटातील सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालचा प्रजननक्षम नर राहतो, आणि मादी मेली तर तो नरच पुढे मादी होतो. यामुळे जोडी हवी असेल, तर एक थोडा मोठा आणि एक लहान अशी दोन कोवळी पिल्ले एकत्र घ्यावीत. वेगवेगळ्या टाक्यांतील दोन पूर्ण वाढलेले मासे आणले, तर दोन्ही माद्या निघून एकीचा जीव जाण्याची शक्यता असते.

साधारण आठवड्याभरात, अंधार पडल्यावर, अंडी फुटतात. तीन-चार मिलिमीटरच्या त्या पिल्लांना आपले मोठ्या माशांचे खाद्य तोंडात मावत नाही, म्हणून त्यांच्यासाठी रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात वाढवावे लागतात. त्यानंतर आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्ले, आणि मग कोरडे खाद्य. दोन आठवड्यांच्या सुमारास अंगावर पांढरे पट्टे उमटू लागतात. हे काम किचकट आहे, पण आता रुळलेले आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतील मंडपम केंद्राने क्लाउनफिशच्या अनेक जातींचे आणि डॅमसेल या छोट्या समुद्री माशाचेही टाकीतील प्रजनन साधले आहे. आपल्या राज्यात नवी मुंबईतील ऐरोलीच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची हॅचरी आहे. टाकीत जन्मलेला मासा पहिल्या दिवसापासून माणसाने दिलेले खाद्य खातो, काचेला बुजत नाही आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. समुद्रात तो ज्याच्या आसऱ्याने राहतो, तो सी ॲनिमोन हा फुलासारखा दिसणारा प्राणी त्याला टाकीतही लागतोच, ही समजूत चुकीची आहे. ॲनिमोनला प्रखर दिवे आणि जुनी, मुरलेली टाकी लागते. नवशिक्याच्या घरी तो म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

मासा कुठून आला हे विचारण्याचे आणखी एक कारण आहे : प्रवाळांतील मासे सोडियम सायनाइड हे विष फवारून गुंगवण्याची पद्धत १९६० च्या दशकात फिलिपिन्समध्ये सुरू झाली, पुढे इंडोनेशियातही पोहोचली, आणि तिने माशांबरोबर प्रवाळही मारले.

दृश्य ५ : दुकान. निळा टँग, मँडरिन, लायनफिश.

आता न घ्यायच्या माशांविषयी. हा निळा टँग मुलांच्या सर्वाधिक पसंतीचा आहे. आज तो तळहाताएवढाही नाही. पूर्ण वाढ झाल्यावर तो ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याला सतत लांब पोहायचे असते, म्हणजे तीन फुटांच्या टाकीत तो आयुष्यभर वळतच राहील. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचे टाकीतील प्रजनन प्रथमच यशस्वी केले, परंतु दुकानांत येणारे बहुतेक निळे टँग अजूनही समुद्रातूनच आलेले असतात. मँडरिन हा अतिशय देखणा मासा दिवसभर दगडांवरील कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव टिपत असतो. नव्या टाकीत ते नसतातच, आणि मासा डोळ्यांदेखत वाळत जातो. इतर माशांच्या अंगावरील परजीवी खाऊन जगणाऱ्या क्लीनर रासचीही गत तीच. लायनफिशचे काटे विषारी असतात आणि त्याच्या तोंडात मावेल तो मासा त्याचे भक्ष्य होतो, एवढे सांगितले तरी पुरे.

समुद्रघोडा कोणी लपवून देऊ केला, तर विचारही करू नये. समुद्रघोडे आणि खडक बांधणारी प्रवाळे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

स्वस्त आणि चिवट म्हणून ‘पहिला मासा’ या नात्याने गळ्यात मारला जाणारा डॅमसेल मात्र कायद्यात बसतो, आणि म्हणूनच अधिक फसवतो. तो अमोनिया सोसून जगतो खरा. पण एकदा टाकी त्याची झाली, की नंतर आलेल्या प्रत्येक माशाला तो कोपऱ्यात कोंडतो. दुसऱ्या घरातील हे चित्रण पाहावे : दगडांच्या फटीत शिरलेला एक बोटभर डॅमसेल पकडण्यासाठी टाकीतील सगळे दगड बाहेर काढून बादलीत ठेवावे लागले आहेत. डॅमसेल घ्यायचाच असेल, तर तो एकटा आणि सर्वांत शेवटी सोडावा.

दृश्य ६ : पहिले घर, संध्याकाळ. बादली, बारीक नळी, नळीला मारलेली गाठ.

निवड झाली : टाकीत जन्मलेले दोन क्लाउनफिश, एक मोठा, एक लहान. पिशवी थेट टाकीत उलटी करायची नाही. ती अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवले, मासे पिशवीतील पाण्यासह छोट्या बादलीत घेतले, आणि गाठ मारलेल्या बारीक नळीतून टाकीचे पाणी थेंबाथेंबाने सोडले. बादलीतील खारटपणा टाकीशी जुळल्यावर मासे जाळीने उचलले. पिशवीतील पाणी मोरीत ओतून दिले. हे मासे अद्याप मुख्य टाकीत गेलेले नाहीत. चार ते सहा आठवडे ते या साध्या, दगड नसलेल्या क्वारंटाइन टाकीत राहतील, कारण ठिपके उमटले तर तांब्याचे औषध द्यावे लागते, आणि ते औषध मुख्य टाकीत पडले तर तिथले कोळंबीसारखे जीव मरतात. टाकीशेजारी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवला आहे. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा इथे नेम नसतो आणि खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी प्राणवायू विरघळतो.

तिसऱ्या माशाची नोंद दुकानात करून ठेवली आहे. बांगाई कार्डिनल इंडोनेशियातील बांगाई बेटांच्या परिसरातला. जगातील संकटग्रस्त जातींच्या यादीत त्याचे नाव आहे, तरी नर अंडी तोंडात उबवतो आणि बाहेर पडणारी पिल्ले लगेच आर्टेमिया खाऊ शकतात, त्यामुळे टाकीत त्याची पैदास तुलनेने सोपी आहे. तसा पैदाशीचा मासा मुंबईहून आला, दुकानात किमान आठवडाभर नीट खाताना दिसला, आणि तोवर या घरातील अमोनिया शून्यावर राहिला, तरच तो राजारामपुरीत येईल.