जपानमध्ये शाकाहारी राहायचंय? मांसाचं सोडा, आधी दाशी ओळखा

नमस्कार मंडळी! जपानच्या प्रत्येक व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "शाकाहारी आहे, तिकडे काय खाऊ?" कोणी दोन आठवड्यांसाठी चाललंय, कोणी नोकरीसाठी दोन वर्षं. आणि खाली उत्तर द्यायला दहा जण हजर असतात. "काही टेन्शन नाही. टोफू आहे, भात आहे, मिसो सूप आहे, मजा करा!"

त्या मिसो सूपवरच, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या सूपवरच, बोलायचंय आज.

सोपं ते आधी उरकते. टोफू चालतो. पांढरा भात चालतो. एदामामे, म्हणजे शेंगांसकट उकडलेलं कोवळं सोयाबीन, वर फक्त मीठ, तेही चालतं. डाळी आणि मसाले टोकियोत निशि-कासाई किंवा शिन-ओकुबोला मिळतात. पॅकबंद खाण्यावर "व्हीगन" असं ठळक छापलेलं असेल तर प्रश्नच मिटला. झालं, एवढं तर कोणीही सांगेल.

गाडी अडते ती दाशीपाशी.

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. सूप त्यात, नूडल्सचा रस त्यात, भाज्या शिजतात त्यात, अंड्याची गुंडाळीसुद्धा त्यात. नेहमीची दाशी दोन गोष्टींची: कोन्बू, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, आणि कात्सुओबुशी. कात्सुओ हा ट्यूनाच्या कुळातला मासा. तो उकडतात, काटे काढतात, पुन्हा पुन्हा धुरी देत सुकवतात. उत्तम प्रतीच्या मालावर तर मुद्दाम बुरशी चढवून परत वाळवतात. शेवटी त्याचं लाकूड होतं, अक्षरशः. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टक् टक् वाजतात. ते रंध्यासारख्या पात्यावर किसतात आणि गुलाबी-तपकिरी पापुद्रे निघतात. गरम पदार्थावर टाकले की वाफेने वळवळतात, रील्समध्ये "नाचणारं टॉपिंग" म्हणून फिरतं ना, तेच हे.

आता नीट बघा. एक लिटर पाण्याला साधारण १० ग्रॅम कोन्बू आणि २० ते ३० ग्रॅम हे पापुद्रे. मिनिट-दोन मिनिटं ठेवायचे आणि मग पाणी गाळून घ्यायचं. पापुद्रे चाळणीत राहतात, खाली येतं ते स्वच्छ सोनेरी पाणी. म्हणून वाटीत मासा दिसत नाही, तुकडा नाही, वासही मंद. तुम्ही विचारता, "यात मासा आहे का?" आणि वेटर अगदी प्रामाणिकपणे सांगतो, "नाही." तो खोटं बोलत नाहीये. त्याच्या लेखी मासा म्हणजे ताटात ठेवलेला मासा.

याला इतिहासही आहे. ६७५ साली सम्राट तेन्मुने गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी खायला मनाई केली, तीही वर्षातले काही महिने. मासा त्या यादीत नव्हताच. "निकु" म्हणजे मांस हा शब्द आजही बहुतेकांच्या डोक्यात चार पायांवरच थांबतो. तुम्ही "निकु खात नाही" म्हणालात आणि पुढ्यात मासा आला, तर त्यात समोरच्याची चूक नाही.

मग एक कमेंट नेहमीची: "ताई, वरचे फ्लेक्स चमच्याने काढून टाकले तर?" अहो, फ्लेक्स काढाल, पाण्याचं काय कराल? ओकोनोमियाकी, म्हणजे कोबी घातलेलं जाड धिरडं, त्याच्या पिठातच बऱ्याचदा दाशी असते. पालकाची ओहिताशी दाशीत मुरवलेली. थंड टोफू, हियायाक्को, त्यावर मात्र फ्लेक्स फक्त वरून घालतात, तिथे आधीच नको म्हटलं तर काम होतं. इनारी सुशी दिसते शंभर टक्के शाकाहारी, तळलेल्या टोफूची पिशवी आणि आत भात, पण ती पिशवी शिजवतात दाशीच्या गोडसर रसात. झारू सोबा, थंड नूडल्स, नुसत्या शाकाहारी असतात, पण बुडवायच्या सॉसमध्ये दाशी. भाज्यांचा टेम्पुरा, म्हणजे तिथली भजी? पिठात बहुतेक अंडं, बुडवायचं पाणी दाशीचं, आणि तेल तेच, ज्यात कोळंबी तळतात. अंडं आणि तेल चालत असेल तर पाण्याऐवजी मीठ मागा, "शिओ". टेम्पुरा मिठाशी खायची पद्धत तिथलीच आहे, कोणी भुवया उंचावत नाही.

तर विचारायचं कसं? "बेजितारिआन देसु" एवढ्यावर थांबू नका. हा शब्द कळतो, पण प्रत्येकाला वेगळा कळतो. तीन वाक्यं पाठ करा, स्क्रीनवर दिसतायत.

[स्क्रीनवर तीन ओळी]

"निकु तो साकाना वा ताबेमासेन." मांस आणि मासे खात नाही.

"दाशी वा कात्सुओ देसु का?" दाशी कात्सुओची आहे का?

"कोन्बु दाके देसु का?" फक्त कोन्बूची आहे का?

दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. "मासा आहे का" नाही विचारायचं, "दाशी कशाची" हे विचारायचं. मासा विचारलात की उत्तर ताटाबद्दल येतं. दाशी विचारलीत की वेटर आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो. तो आत गेला, की समजा प्रश्न बरोबर पोचला. अंडं-दूध चालत असेल तर "तामागो तो ग्यून्यू वा दाइजोबु देसु" जोडा, नाहीतर बिचारे ताटातून सगळंच काढतात आणि पुढ्यात उरतो कोबी.

आता माझी एक तक्रार. कमेंटमध्ये कोणीतरी हमखास लिहितं, "सरळ ॲलर्जी आहे म्हणा, मग बरोबर ऐकतात." कृपा करून असं करू नका. ॲलर्जी म्हटल्यावर स्वयंपाकघर भांडी, तेल, पाटे, सगळं तपासतं. खात्री देता येत नसेल तर नम्रपणे, कमरेत वाकून, तुम्हाला जेवण नाकारतं. जे ताट तुम्ही आनंदाने खाल्लं असतं, तेही मिळत नाही. आणि ज्याला खरंच ॲलर्जी आहे त्याचं म्हणणं उद्या कोण मनावर घेणार?

हॉटेल झालं, आता कोन्बिनी, म्हणजे चोवीस तास उघडी असतात ती छोटी दुकानं. पाकिटाच्या मागे चौकट असते, त्यात घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने. मध्ये एक तिरकी रेघ दिसेल, तिच्या अलीकडे घटक, पलीकडे ॲडिटिव्ह्ज. कॅमेऱ्याचं ट्रान्सलेट ॲप लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. ॲप "दाशी"चं करतं "सूप स्टॉक". वाचणाऱ्याला वाटतं, भाज्यांचा असेल. नसतो.

म्हणून काही अक्षरं डोळ्यांनी ओळखा. [स्क्रीनवर मोठी अक्षरं] हे मासा: वर छोटी टोपी, मध्ये चार खणांची खिडकी, खाली चार ठिपके. हेच अक्षर बारीक होऊन डाव्या अंगाला चिकटलं, की ते बहुधा कुठल्यातरी माशाचं नाव. हे मांस: खालून उघडी चौकट आणि आत एकावर एक दोन माणसं. आणि हे बैल-गाय, इथे खरी गंमत आहे. याच अक्षराने "ग्यून्यू" लिहितात, म्हणजे दूध, आणि याच अक्षराने "ग्यूशी" लिहितात, म्हणजे गोवंशाची चरबी. पहिलं अक्षर तेच, निर्णय दुसऱ्यावर. करीच्या तयार वड्यांमध्ये हे ग्यूशी फार सापडतं. "भाज्यांची करी" असं चित्र बघून वडी उचलू नका.

"एकिसु" म्हणजे अर्क. हा शब्द दिसला की लगेच पाकीट खाली ठेवायचं नाही, त्याच्या आधी काय लिहिलंय ते बघायचं. "कोबो एकिसु" यीस्टचा, चालतो. "चिकिन" (कोंबडी), "पोकु" (डुक्कर), "ग्योकाइ" (मासे-शिंपले), "कात्सुओ" आधी असेल तर नाही. "अमिनो आम्ल वगैरे" असं लिहिलेलं असतं ते मुख्यतः एमएसजी, त्याला घाबरू नका. "झेराचिन" म्हणजे जिलेटिन, "कान्तेन" म्हणजे अगर, हे मात्र शेवाळाचं.

बरेच जण शॉर्टकट मारतात: ॲलर्जीच्या चौकटीत मासा नाही ना, मग घ्या. हा शॉर्टकट फसवा आहे, नीट ऐका. जपानमध्ये ॲलर्जीच्या यादीत कोळंबी, खेकडा, अंडं, दूध, गहू, कुट्टू, शेंगदाणा, अक्रोड वगैरे लिहावंच लागतं. साबा आणि सामन हे मासे, गोमांस, डुक्कर, कोंबडी, जिलेटिन हे लिहिण्याची फक्त शिफारस आहे, सक्ती नाही. आणि कात्सुओ? दोन्ही याद्यांत नाही! ज्या माशाचं पाणी सगळीकडे, तोच यादीत नाही. वर आणखी एक नियम: तयार सॉससारखा मिश्र घटक एकूण मालाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याच्या आत काय आहे हे फोडून लिहायची गरज नाही. म्हणजे घटकांत नुसतं "त्सुयु" दिसेल. त्सुयु म्हणजे दाशी घातलेला सोया सॉस. हा शब्द दिसला की पाकीट परत फळीवर.

ओनिगिरीबद्दल, म्हणजे सारण भरलेल्या भाताच्या मुटक्यांबद्दल, विचारता सगळे. उमे, म्हणजे आंबट आलुबुखारची, आणि कोन्बूची, दोन्ही दिसायला निर्धोक. पण उमेच्या गरात कात्सुओचा अर्क असतो बऱ्याच ठिकाणी, कोन्बूच्या सारणातही असू शकतो. मागची चौकट वाचा, प्रत्येक वेळी, कारण रेसिपी बदलत राहतात. शिओ-मुसुबी, नुसता मिठाचा भात, त्यातल्या त्यात सरळ.

नात्तो. आंबवलेलं सोयाबीन, तार सुटते, वास... असो, वासावर वेगळा व्हिडिओ होईल. डब्यात दोन पुड्या असतात. पिवळी मोहरीची, ती घाला. दुसरी तपकिरी पातळ सॉसची, "तारे", त्यात बहुधा दाशी असते. ती फोडू नका, घरचा सोया सॉस घाला. आणि ज्यांची वॉरफेरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यांनी नात्तो खाऊच नये. त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो.

"मग घरीच करू की!" असं म्हणणाऱ्यांसाठी आता स्वयंपाकघर. इथेही तोच सापळा. मिसोचा डबा घेताना समोर "दाशी-इरी" लिहिलंय का बघा, म्हणजे दाशी आधीच मिसळलेली. साधा मिसो घ्या. सोया सॉसमध्येही "दाशी-शोयु" वेगळी मिळते, बाटली जवळपास सारखीच. पोन्झू, म्हणजे लिंबूवर्गीय फळांचा आंबट सॉस, त्यातही कात्सुओ असतो बऱ्याचदा.

शाकाहारी दाशी ही काही आपली तडजोड नाही. झेन आणि शिंगोन या बौद्ध पंथांच्या मठांतला शोजिन र्योरी हा शाकाहारी स्वयंपाक पूर्वापार कोन्बू आणि वाळलेल्या शिताके मशरूमवरच उभा आहे. यामागे रसायनशास्त्र आहे. १९०८ साली किकुनाए इकेदांनी कोन्बूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. कात्सुओबुशीत असतं इनोसिनेट, वाळलेल्या शिताकेत ग्वानिलेट, आणि ही दोन्ही ग्लुटामेटची चव सारख्याच पद्धतीने कितीतरी पट वाढवतात. म्हणून नुसत्या कोन्बूचं सूप फिकं लागतं, शिताके पडल्यावर भरतं.

माप: एक लिटर गार पाणी, १० ग्रॅम कोन्बू, तीन-चार वाळलेले शिताके. कोन्बूवर पांढरी पूड असते, ती बुरशी नाही, चव आहे, धुवू नका, ओल्या फडक्याने धूळ तेवढी पुसा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घाईने गरम पाण्यात भिजवलेत तर शिताकेची चव अर्धवट उतरते. सकाळी मंद आचेवर ठेवा. तळाशी बारीक बुडबुडे दिसले की कोन्बू बाहेर, उकळी फुटायच्या आत. उकळला तर पाणी बुळबुळीत होतं आणि उग्र, गवतासारखा वास येतो. "माझी दाशी कडवट का झाली" या प्रश्नाचं उत्तर दहातल्या नऊ वेळा हेच. शिताके मात्र राहू द्या, आणखी पाच-सात मिनिटं शिजू द्या. वाटीला १५० मिली दाशी, एक मोठा चमचा मिसो, आणि मिसो गॅस बंद केल्यावर. थायरॉइडचा त्रास असेल तर कोन्बूची दाशी रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा, आयोडीन भरपूर असतं त्यात.

बाहेर असंच जेवायचं असेल तर कोयासान. ८१६ साली बौद्ध भिक्षू कुकाई यांनी वसवलेला डोंगरावरचा मठांचा गाव, सुमारे ५० मठांत मुक्काम करता येतो आणि जेवण शोजिन. तिथला गोमा-दोफू नक्की घ्या. नावात टोफू आहे, पण सोयाबीन नाही, तीळ आणि कुझू या वेलीच्या मुळाचा स्टार्च. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठीही ही सोय आहे, कारण मठात पाच उग्र भाज्या वर्ज्य. त्याला "गोकुन-नुकी" म्हणतात, हा शब्द बाहेरच्या पाकिटांवरही शोधा. कंदमुळं मात्र भरपूर, कमळकाकडी, गोबो, रताळं, त्यामुळे जैन मंडळींनी आधी कळवा. आणि मठाबाहेर एखाद्या हॉटेलात "शोजिन स्टाइल" लिहिलं असेल तर? तेच विचारायचं. दाशी वा कात्सुओ देसु का?

टोकियो स्टेशनात तिकीट गेटच्या आत टीज टानटान म्हणून व्हीगन रामेनचं दुकान आहे, तिथे हा प्रश्न विचारावा लागत नाही. अक्षरांचं कार्ड डिस्क्रिप्शनमध्ये दिलंय, फोनमध्ये सेव्ह करा, दुकानात नेटवर्क गेलं तरी उघडेल. आणि वापरून झालेला कोन्बू फेकू नका, बारीक उभा चिरून सोया सॉस, साखर आणि थोडं पाणी घालून आटवा, भातावर छान लागतो.