मानाचा ग्लास

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना चालू आहे. शाळांना सुट्ट्या आहेत, लग्नसराई आहे आणि आपल्या कोल्हापुरात घरटी दोन-चार पाहुणे उतरलेले आहेत. सकाळी अंबाबाईचं दर्शन, संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर आणि रात्री तांबडा-पांढरा. जेवणाच्या बाबतीत आपलं घर कधी हात आखडत नाही. पांढऱ्या रश्शासाठी खोबरं वाटताना कुणी घड्याळाकडे बघत नाही. पण पाहुणा उन्हातून येऊन टेकला की त्याच्या हातात आपण काय देतो? फ्रिजमधली बाटली उघडायची आणि ग्लासात ओतायचं, एवढंच. समारंभातही तेच दिसतं. ज्यांना दारू चालते त्यांची सोय कुणीतरी हौसेनं केलेली असते. जे घेत नाहीत ते, घरातल्या आज्या, लेकीसुना, पोरं, यांच्या वाट्याला कोपऱ्यातलं ते बाटलीतलं गोड पाणी येतं. मला हे मनापासून खटकतं. न पिणाऱ्याचा ग्लाससुद्धा तितक्याच कष्टानं, तितक्याच हौसेनं भरलेला असावा. म्हणून आज मी तुम्हाला आमच्या घरचं एक तिरंगी सरबत सांगणार आहे. हल्लीची मुलं त्याला मॉकटेल म्हणतात. म्हणू देत. तळाला तांबडा, मधे पिवळा आणि वर निळा असे तीन थर, आणि त्यात बाहेरच्या रंगाचा एक थेंब नाही.

तांबड्यापासून सुरुवात करते, कारण सगळी मेहनत तिथंच आहे. हा रंग रातांब्याचा, म्हणजे ओल्या कोकमाचा. गगनबावड्याचा घाट उतरला की खाली कोकण, आणि मे महिन्यात तिकडून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत रातांबे असतातच. गर्द लाल, हाताला जरा मऊ लागणारी फळं निवडा. धुऊन, पुसून, अगदी कोरडी करून आडवी चिरा. आतला गर आणि बिया काढून घ्या. उरते ती सालीची वाटी. त्या वाटीत साखर दाबून भरायची आणि अशा भरलेल्या वाट्या काचेच्या बरणीत एकावर एक रचायच्या. सालीच्या वजनाच्या दीडपट तरी साखर लागते, तिथं काटकसर केली तर पाक आंबतो. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ती आठवडाभर उन्हात ठेवा. दुसऱ्या दिवशीच साखरेला पाझर फुटतो, चौथ्या दिवशी बरणी उन्हात धरली तर आरपार माणकासारखी दिसते. आठवड्यानं गाळून घ्या. विस्तवावर न ठेवता झालेला हा पाक असतो, म्हणून त्याला फळाचा ताजा वास राहतो. बिया टाकू नका बरं का, त्यातून कोकमाचं तेल निघतं, थंडीत टाचांच्या भेगांना त्यासारखं दुसरं काही नाही.

ओले रातांबे मिळाले नाहीत तर वीस-पंचवीस आमसुलं दोन वाट्या कोमट पाण्यात दोन तास भिजवा, कुस्करून गाळा आणि दोन वाट्या साखर घालून मंद आचेवर विरघळवून घ्या. आमसुलं बिनमिठाची आहेत ना, तेवढं दुकानात विचारून घ्या. आणि भांडं स्टीलचं किंवा काचेचं वापरा. बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं, हे जुन्या बायकांना सांगावं लागत नाही, पण नव्या संसारात शोभेची म्हणून घेतलेली पितळी भांडी फार दिसतात, म्हणून सांगितलं.

पिवळा थर अननसाचा. दहा ग्लासांना दोन मोठे अननस पुरतात. डोळे नीट काढून, मिक्सरमधून फिरवून मलमलच्या फडक्यातून गाळा. त्यावर फेस येतो, तो अर्धा तास फ्रिजमध्ये बसू द्या, वरचा काढून टाका. अर्धं लिंबू पिळा. साखर अजिबात नको. आणि आपल्याला दुधाचं वेड, गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणारी आपण माणसं, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. न शिजवलेल्या अननसाच्या रसात दूध किंवा आइस्क्रीम घालायचा मोह होईल, तो टाळा. अननसात दुधातली प्रथिनं फोडणारं ब्रोमेलेन असतं. दूध फुटतं आणि थोड्या वेळानं कडू लागतं.

निळा थर म्हणजे गोकर्ण. कुंपणावर चढलेली ती निळी वेल तुम्ही रोज बघत असाल. पंचवीस-तीस फुलं घ्या, मागचा हिरवा भाग काढा आणि तीन वाट्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा. फुलं पांढुरकी पडतात आणि पाणी शाईसारखं निळं होतं. गाळून गार करा. यातही साखर नाही. आमच्याकडे कुणी लेक बाळंतपणाला आलेली असेल तर तिच्या ग्लासात मी गोकर्णाऐवजी साधं पाणीच घालते, काळजी म्हणून.

आता रचना. गेल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्याला पन्नास माणसं होती. मी वेळ वाचावा म्हणून सगळं दोन तास आधीच पातेल्यात एकत्र केलं. वर कोल्हापूरचा कार्यक्रम आणि गूळ नाही, हे मनाला पटेना, म्हणून त्यात गूळही घातला. चव चांगली होती. पण रंग? पहिल्या पुराला पंचगंगा गढूळ होते ना, तसा. आठवडाभर उन्हात जपलेली ती बरणी अशी मातीमोल झालेली बघून मला रडू आलं. आत्यानं पातेल्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "अगं, रंग काय घोटायचे असतात व्हय? वेगळे ओतायचे असतात. आणि गूळ पन्ह्यात घाल की, तिथं त्याचा मान हाय."

तिचं बरोबर होतं. गुळाचा तपकिरी रंग कोकमाच्या लालीला खाऊन टाकतो. आणि थर टिकतात ते साखरेमुळे. जास्त साखरेचं पाणी जड, ते खाली बसतं. कोकमाचा पाक सगळ्यात जड, अननसाच्या रसात फळाची स्वतःची साखर म्हणून तो मधे, आणि गोकर्णाचं पाणी सगळ्यात हलकं. म्हणून उंच ग्लासात आधी दोन मोठे चमचे पाक. मग काठोकाठ बर्फ. त्यावर अननसाचा रस, बर्फाच्या खड्यावर चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून, हळू. शेवटी गोकर्णाचं पाणी, त्याहून हळू. सोडा नको, त्याचे बुडबुडे थर मोडतात.

बर्फातही हौस करता येते. पन्हाळ्याच्या, दाजीपूरच्या रस्त्याला पोरं पानांच्या द्रोणात करवंदं विकत बसलेली असतात. ती मिठाच्या पाण्यात धुऊन चीक घालवा आणि बर्फाच्या साच्यात एकेक टाकून गोठवा. लहानपणी आपण करवंद चावून आत लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी म्हणायचो. ग्लास संपला की तळाला राहिलेल्या करवंदाचा तोच खेळ आमच्याकडे अजून होतो, आजोबा-नातवात.

मधुमेह असलेल्या माणसाला हा ग्लास देऊ नका, पण त्याला वगळूही नका. त्यांच्यासाठी कोकमाचं खारवलेलं आगळ, गार पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि ग्लास मात्र तसाच उंच, करवंदाच्या बर्फाचा.

ग्लास पाहुण्यांच्या हातात द्याल तेव्हा सोबत लांब दांड्याचा चमचा द्या आणि लिंबाची एक फोड. ढवळायचं काम त्यांचं. लिंबाचा थेंब निळ्या थरात पडला की तो जांभळा होतो, आणखी पिळलं की गुलाबी. गोकर्णाचा रंग आंबटाला असाच लाजतो. गेल्या आठवड्यात आमच्याकडे पुण्याहून एक सहा वर्षांची पाहुणी आली होती. तिनं लिंबू पिळलं, ग्लास खिडकीच्या उजेडात धरला आणि आईला हाक मारली, "आई, ये लवकर, बदलतंय!" तिची आई, आजी, शेजारच्या वहिनी, सगळ्या खिडकीपाशी गोळा झाल्या. बाटलीतलं पेय त्या दिवशी फ्रिजमध्ये तसंच राहिलं.

नमस्कार.