खडखडतंय कुठे?

(पहाट. मालवणचा किनारा, ओढून ठेवलेल्या होड्या, मागे सिंधुदुर्ग.)

मालवणात लोखंड फार दिवस नवं राहत नाही. सायकलची चेन, खिडकीचे गज, दाराची कडी, समुद्रावरून येणारी खारी हवा एकेकाला गाठतेच. गिटारही त्यातून सुटत नाही.

(पडवी. बाकावर पंचा अंथरलेला, त्यावर गिटार.)

ही इलेक्ट्रिक गिटार इथल्या एका ऑर्केस्ट्रातली. गणपतीत वाजते, लग्नात वाजते, जत्रेत वाजते. तक्रार एवढीच की पाचवी तार मोकळी छेडली, की लाकडात काहीतरी खडखडतं. ऐका.

(तार. खडखड. पुन्हा तार. निवेदन नाही.)

वाजवणाऱ्या मुलाला दोघातिघांनी नवी गिटार घ्यायला सांगितलं होतं. तो इथे आला. या पडवीत दुरुस्तीला रेडिओ येतात, भजनी मंडळांचे माइक येतात, ॲम्प्लिफायर येतात. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी गिटार मांडीवर घेतली.

"बाबू, आवाज खयसून येता, ता आधी बघूया."

(काकांचं बोट. अगदी जवळून.)

हे बोट नीट बघा. डाव्या हाताने तार छेडायची आणि उजव्या हाताचं बोट एकेका भागावर हलकेच टेकवायचं. ब्रिजवर, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात त्या पट्टीवर, टेकवलं, खडखड चालूच. आवाजाच्या बटणावर, चालूच. वरच्या खांद्यावरच्या या छोट्या दांडीवर बोट आलं आणि आवाज थांबला. ना मीटर, ना यंत्र. मोकळी पाचवी तार सेकंदाला 110 वेळा थरथरते, आणि त्या थरथरीला जे सैल असेल ते साथ देतं.

ही दांडी म्हणजे पिकअप बदलायचा स्विच. पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग. या गिटारीत तारांखाली दोन पिकअप आहेत, प्रत्येकात चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. मानेजवळचा पिकअप गोल, भरदार आवाज देतो, ब्रिजजवळचा टोकदार. कोणता ऐकायचा, की दोन्ही, ते ही दांडी ठरवते. 1952 साली आलेल्या गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारीवर अशीच तीन जागांची दांडी आहे. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवर, 1954 साली, सरकणारा स्विच आला. त्यालाही तीनच जागा होत्या. वाजवणारे मात्र तो दोन जागांच्या मधोमध अडकवून वेगळाच आवाज काढायचे. शेवटी 1977 मध्ये कंपनीनेच पाच जागांचा स्विच दिला. वाजवणाऱ्याच्या हाताने कारखान्याला शिकवलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

(गिटार उलटी. मागच्या झाकणाचे स्क्रू निघताना.)

झाकण निघालं. पितळी पट्ट्या, त्यांच्या टोकांना बारीक ठिपके, हेच जोड. दांडी मध्ये असली की दोन्ही जोड मिटलेले असतात. एका बाजूला ढकलली, की एक पट्टी बाजूला उचलली जाते आणि तो पिकअप गप्प होतो.

आता इथे थांबा. दांडीभोवतीचा समोरचा नट सैल झालाय हे दिसतंच आहे. पण तो नुसता समोरून आवळला, तर त्याच्याबरोबर आतला स्विचही गरकन फिरतो, वायरींना पीळ बसतो आणि डाग दिलेल्या जागी त्या तुटतात. म्हणून काकांचा डावा हात आत आहे. स्विच आत धरून ठेवायचा, नट बाहेरून फिरवायचा. पकडीखाली चामड्याचा तुकडा, म्हणजे नटावर ओरखडा पडत नाही.

आणि नट सैल झालाच का? आत दातेरी वायसर असायला हवा होता. लाकडात रुतून स्विचला फिरू न देणारा. तोच नाही. आधी कधीतरी कुणीतरी हा स्विच काढला आणि परत बसवताना वायसर राहून गेला. काकांच्या बिस्किटांच्या डब्यात तसे वायसर बरेच आहेत.

(डबा. वायसर निवडताना बोटं.)

दांडीवरची प्लास्टिकची टोपीही डुलत होती. आट्यांवर नळाची पांढरी टेप एक वेढा, आणि टोपी घट्ट.

खडखड आणि चरचर यांत मात्र गफलत करू नका. खडखड म्हणजे काहीतरी सैल. दांडी हलवताना स्पीकरमधून चरचर आली, तर जोडांवर मळ किंवा गंजाचा थर. त्यावर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, दांडी दहावीस वेळा इकडेतिकडे करायची. घरातलं खोबरेल सोडायचा मोह कोकणात कुणालाही होईल. सोडू नका. त्यावर धूळ बसते आणि जोड आणखी बिघडतो.

मुलाने दबकत विचारलं, स्विच नवा घालायला नको का?

"नवो कित्याक? ह्यो चांगलो आसा. फक्त सुटलेलो."

(झाकण बसतं. शेवटचा स्क्रू.)

दुसऱ्याच दिवशी रात्री ही गिटार कार्यक्रमात वाजली.

(पडवी. मुलगा पाचवी तार मोकळी छेडतो. बोट दांडीवर नाही. तार विझेपर्यंत निवेदन नाही.)