वर्तणूक : चांगली

येताना एक कागद आणलाय. शाळा सोडल्याचा दाखला आहे. मुलाचं नाव झाकलंय, शाळेचंही. दोनच रकाने बघा. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांचा अर्ज.

२०१२ची गोष्ट. हा मुलगा आठवीत होता. दिवाळीनंतर मारामारी झाली, काच फुटली. वडील नाशिकला अंबडच्या कंपनीत, खाडा करून आले. ऑफिसात त्यांना सांगितलं, ‘दाखला काढून घ्या, नाहीतर लाल शेरा मारून देऊ.’ त्यांनी सही केली. अर्ज मी लिहिला होता. मी वर्गशिक्षक, आणि अक्षर बरं म्हणून असले अर्ज माझ्याकडेच यायचे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू होता. त्याचं कलम १६ सांगतं, आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत नापास करायची मुभा दिली, काढायची नाही. म्हणूनच तर अर्ज लागतो! कागदावर शाळा काढत नाही, पालकच नेतात.

इंग्लंडमध्ये मुख्याध्यापक मुलाला कायमचं काढू शकतात. पण कारण लेखी द्यावं लागतं, शाळेच्या नियामक मंडळापुढे त्याचा फेरविचार होतो आणि सहाव्या शालेय दिवसापासून मुलाच्या पूर्णवेळ शिक्षणाची सोय स्थानिक प्रशासनानं करायची असते. तिथेही गुपचूप नाव कमी करायला लावणाऱ्या शाळा आहेतच. पण निदान काढलं तर ‘काढलं’ असं लिहायची सोय आहे.

आमच्या मुलाला सहाव्या दिवशी काय मिळालं? दोन शाळांनी सांगितलं, ‘जूनमध्ये या.’ वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. वडिलांना ते कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

परवा सातपूरला गाडी दुरुस्तीला टाकली, तर गॅरेजवाला तोच. चहा मागवला त्यानं. म्हणाला, ‘सर, आईला आम्ही सांगितलंच नव्हतं. ती डबा भरायची, मी गणवेश घालून निघायचो. बाबा मला गाडगे महाराज पुलापाशी सोडून कामावर जायचे.’ रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी पोरं तुम्ही बघितली असतील. दिवसभर तो त्यांच्यात. गणवेशामुळे ती त्याला ‘ए शाळा’ म्हणून हाक मारायची. चपातीभाजी वाटून खायची. आईला कळलं ते महिन्यानं, गणवेशाला नदीचा वास येतो म्हणून.

मारामारीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. बोलला ते एका दुपारबद्दल. मधल्या सुट्टीत तो फाटकापाशी गेला होता. रोज कान पिळणाऱ्या शिपाईमामांनी विचारलं, ‘कोणाला भेटायचंय?’

(नववीचं बोलायचं तर वेगळं व्याख्यान लागेल. कायद्याचं छत्र आठवीला संपतं, आणि दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलाला ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ सुचवतात. बाहेरून दहावी देणाऱ्यांसाठीचा चांगला फॉर्म तो, वापरतात असा.)

निघताना मी पैसे काढले. त्यानं घेतले नाहीत. हात पुसत म्हणाला, ‘सर, एक विचारू? तो अर्ज टेबलावर होता तेव्हाच मी ओळखला होता. फळ्यावरचं अक्षर ना तुमचं.’

मी हो म्हणालो.