इटलीच्या गोठ्यात मुरघासाला बंदी का?

नमस्कार मंडळी! मी सध्या रेज्जो एमिलियात राहतोय, उत्तर इटलीत, आणि आज पिझ्झा-पास्ता काही नाही, आज थेट गोठा.

आमचं घर संगमनेरकडचं, दुधाचा धंदा, त्यामुळे गाई म्हटलं की मुरघास आलाच, मक्याची कुट्टी बॅगेत दाबून ठेवायची. इथे पहिल्यांदा गोठ्यावर गेलो आणि शहाणपणा करत विचारलं, मुरघास कुठे ठेवता? गोठेवाले काका असे बघायला लागले की जणू मी विषाची बाटलीच मागितली.

कारण हे दूध जातं पार्मिजानो रेज्जानो या चीजला, आणि त्याच्या नियमात मुरघास बंद म्हणजे बंद. गवत, वाळलेला चारा, आपला लसूणघास आणि वर थोडा खुराक. मुरघासातून क्लोस्ट्रिडियम नावाच्या बॅक्टेरियाचे बीजाणू दुधात येतात, चीज तापवलं तरी ते मरत नाहीत, आणि मग काही महिन्यांनी चीज आतून गॅस धरून फुगतं, तडकतं. शेजारच्या ग्राना पादानो चीजला मुरघास चालतो, पण तिथे अंड्यातलं लायसोझाइम (बॅक्टेरिया रोखणारं एन्झाइम) घालून हे आवरतात. पार्मिजानोत फक्त दूध, मीठ आणि रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ), म्हणून सगळी काळजी चाऱ्यातच घ्यायची. (मुरलेलं गाईला नको, मुरवायचं ते चीजला!)

बाकी कृती बघितली तर आजीची आठवण येईल. संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवायचं, सकाळी वरची साय काढायची, त्यात सकाळचं ताजं दूध, तांब्याच्या मोठ्या कढईत सगळं ओतायचं आणि कालच्या चीजचं राखून ठेवलेलं पाणी घालायचं, म्हणजे विरजणच की हो!

चीजच्या एका चाकाला, म्हणजे चाकासारख्या गोल ठोकळ्याला, साधारण 550 लिटर दूध लागतं, चाक भरतं 40 किलोच्या आसपास. मिठाच्या पाण्यात जवळपास तीन आठवडे, मग फळीवर कमीत कमी 12 महिने. त्यानंतर एक माणूस छोटी हातोडी घेऊन येतो आणि प्रत्येक चाक ठोकून कान देऊन ऐकतो, आपण माठ घेताना टिचकी मारतो ना, तस्सं. आत पोकळी असेल तर आवाज बदलतो.

आणि हो, ते रेनेट वासराच्या पोटातून येतं, त्यामुळे अस्सल पार्मिजानो शाकाहारी नाही. हे आईला सांगितलं तेव्हा मी पाठवलेला अर्धा किलोचा तुकडा निम्मा संपला होता. आता तो फ्रीजच्या कोपऱ्यात पडलाय, ना खातेय ना टाकतेय.