देवळाला पडवी

(वसईतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘वाढत्या समाजासाठी चर्चच्या इमारतीचा विस्तार’. हे शब्द माझे नाहीत, वाचनालयाच्या चिटणीसांचे आहेत. त्यांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं होतं, ‘देवळाला पडवी काढा’. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, ‘सर, जरा भारदस्त काहीतरी द्या ना.’ तर भारदस्त ते छापलंय, आणि मी बोलणार पडवीवरच.

मुंबईहून नव्यानं आलेल्यांसाठी सांगतो, आमच्या आज्या चर्चला देऊळच म्हणायच्या. ‘देवळात चाललंय’ म्हणजे मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला. त्यामुळे मी देऊळ म्हटलं की कुठलं, हे आपलं आपण समजून घ्या. वसईत राहायचं तर एवढं जमलंच पाहिजे.

मी ३४ वर्षं खांब आणि तुळया मोजल्या. निवृत्त झालो आणि दुसऱ्याच रविवारी फादरांनी मला बांधकाम समितीत घेतलं. निवृत्त इंजिनियर म्हणजे फुकटचा इंजिनियर, हे त्यांनी आधीच हेरलं असणार. समितीच्या पहिल्या बैठकीत दीड तास चर्चा झाली ती फरशीच्या रंगावर. जागा किती लागणार, कुणासाठी लागणार, हा विषय ‘इतर’ या सदरात, चहानंतर.

पण आज मला आमच्या देवळाबद्दल नाही, दुसऱ्या एका धर्मग्रामाबद्दल, म्हणजे दुसऱ्या एका चर्चच्या हद्दीतल्या समाजाबद्दल सांगायचंय. नाव घेणार नाही. तिथली दोन-तीन माणसं समोर बसलीत, ती आत्ताच एकमेकांकडे बघायला लागलीत. बघू देत.

ते देऊळ जुनं. तीन फूट जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर सागवानी कैच्या, मंगलोरी कौलं. साधारण १०० फूट लांब, ३० फूट रुंद, एकच लांबट दालन. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला अर्धे लोक आत आणि अर्धे बाहेर मंडपात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दंव झेलत. मग दर रविवारीच तसं व्हायला लागलं. समिती बसली. ठरलं की देऊळ वाढवायचं. कुठल्या बाजूला? लांबीला. का? तर देऊळ लांबच असतं! पुढचा दर्शनी भाग पाडला, ४० फूट पुढे सरकवला, नवा कोरा मनोरा उभा केला. उद्घाटनाला बँड होता, जेवण होतं, इंदाल होतं. मीही जेवलो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. वेदीपाशी फादर काडेपेटीतल्या काडीएवढे दिसत होते. हिरवा झगा घातलेली काडी. मग खांबांवर टीव्ही लावले. म्हणजे प्रभू समोर, आणि आपण पाहतोय टीव्हीत! हे घरी बसून केलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण खरी गंमत आवाजाची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मागच्या माणसाला शेजारच्या खांबावरच्या कर्ण्यातून फादरांचा शब्द लगेच मिळतो, आणि पुढच्या कर्ण्यातून तोच शब्द चाळीस मीटर चालत येतो, सेकंदाच्या नवव्या हिश्श्यानं उशिरा. सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा जास्त अंतर पडलं की कानाला एकाऐवजी दोन आवाज ऐकू यायला लागतात. त्यामुळे मागे प्रत्येक शब्द दोनदा. ‘प्रभू, प्रभू, तुम्हांबरोबर, बरोबर, असो, असो.’ आणि पुढच्यांचं ‘आमेन’ होऊन दोन बाकं शांत झाली की मग मागच्यांचं ‘आमेन’. कॉयरचा पेटीवाला तर मागच्या लोकांची वाट बघत बघत इतका हळू वाजवायला लागला की पास्काचं, म्हणजे ईस्टरच्या आनंदाचं गीत दुखवट्याचं वाटायला लागलं.

यावर उपाय आहे. मागच्या कर्ण्याचा आवाज तेवढाच उशिरा सोडणारं यंत्र मिळतं. ते घेतलं. मग कळलं की भिंतींना गुळगुळीत टाइल लावल्यामुळे आवाज घुमतोय, म्हणून पडदे. पडद्यांना वाळवी... असो. घड्याळ बघायला हवं मला.

एक राहिलं. त्या देवळाला उत्तरेकडे एक बाजूचा दरवाजा होता. माझ्या आईची आई तिथली. ती आयुष्यभर त्या दरवाज्यापाशी बसली. अर्धी आत, अर्धी बाहेर. दम लागायचा तिला, वारा लागायचा. नातवंडं रडली की त्यांना उचलून दोन पावलांत चिंचेखाली, परत दोन पावलांत आत. प्रवचन तिचं एकही चुकलं नाही, आणि आमचं रडणंही. विस्तारात तो दरवाजा बंद केला. का? एसी बसवला! एसी बसवला म्हणून खिडक्या काचेनं बुजवल्या. आता वसईत पावसाळ्यात वीज जाते हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. वीज गेली की आठशे माणसं काचेच्या बरणीत.

आणि एवढं सगळं करून पुढच्या नाताळला बाहेर माणसं होतीच! मी मोजली. जवळजवळ तितकीच. कारण बाहेर उभं राहणारा माणूस नेहमी जागा नाही म्हणून उभा नसतो. तान्ह्या मुलांच्या आया असतात, उशिरा येणारे असतात, गुडघ्यांनी हैराण असलेले असतात. आणि आपले पुरुष, प्रवचन सुरू झालं की ज्यांना मोटारसायकलचं लॉक आठवतं, ते असतातच. हसू नका, बायकांनी हसावं, पुरुषांनी नाही.

हे बाहेरचे लोक कोण? हा मला खरा प्रश्न वाटतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामाला खुली झाली तेव्हा आपण सगळे रस्त्यावर उतरलो होतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे हरित वसईच्या मोर्च्यांत मीही चाललो. विहिरी वाचवा, वाड्या वाचवा. काही वाचलं, बरंच गेलं. इमारती उभ्या राहिल्या. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. त्या इमारतींत कोण राहायला आलं? मुंबईत घर परवडेना म्हणून आलेले लोक. त्यात गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे ख्रिस्तीही आले. आज रविवारी देवळाबाहेर खुर्चीवर बसतो तो यातलाच कुणीतरी. ज्या इमारतीविरुद्ध आपण घोषणा दिल्या, तिच्या तिसऱ्या मजल्यावरची बाई आता आपल्या शेजारच्या बाकावर बसायला आलीय. तिला मराठी मिस्सा अर्धीच कळते. आपल्याला वाटतं, हे आमच्या पूर्वजांचं देऊळ. तिला वाटतं, आपण पाहुणे. फरशीचा रंग ठरवणाऱ्या समितीत यातलं कुणीही नव्हतं, हेही नोंदवून ठेवतो.

पूर्वज म्हटलं की घंटा आठवते. आमच्या समितीत एकानं सुचवलं, नव्या मनोऱ्यात मोठी घंटा हवी, पोर्तुगीजांच्या काळातल्यासारखी. मी म्हटलं, ती ऐकायची तर नाशिकला नारोशंकराच्या देवळात जा, नाहीतर वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, नाहीतर भीमाशंकरला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या घंटा घाट चढून गेल्या. तिकडे त्या अजून वाजतात. आमची मंडळी मनोरा मोठा करा म्हणतात, पण घंटा वाजवायला येणारा मुलगा कोण, ते सांगत नाहीत.

बरं, लांबीच्या बाहेर कुणी विचार केला की नाही? केला. दादरचं पोर्तुगीज चर्च तुम्ही सगळ्यांनी बसमधून पाहिलंय, गोखले रोडवर. पहिलं देऊळ तिथे १५९६ साली उभं राहिलं. १९७४ ते ७७ या काळात आजची इमारत झाली, चार्ल्स कोरियांनी आखलेली. एकदा बसमधून उतरून आत जा. एकच मोठं दालन नाही, छोट्या-मोठ्या जागा एकमेकींत उघडतात, मध्ये उघडे चौक, वर काँक्रीटचे उंच निमुळते घुमट, त्यांतून उजेड खाली येतो आणि गरम हवा वर जाते. आपल्या उकाड्याचा त्या माणसानं विचार केला. काहींना ती इमारत देवळासारखी वाटत नाही. मलाही आधी वाटली नव्हती. एका पावसाळ्यात लग्नाला गेलो, चौकातला पाऊस आत बसून पाहिला, तेव्हा मत बदललं.

आणि माहीमचं सेंट मायकल चर्च. तिथे १९४८पासून बुधवारची नोव्हेना, म्हणजे मारियामातेची सामुदायिक प्रार्थना. येणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती हे विचारायची पद्धत नाही. तिथे गर्दी मावते ती भिंतींमुळे नाही, वेळापत्रकामुळे. दिवसभर एकामागून एक नोव्हेना, इंग्रजी, मराठी, कोंकणी, हिंदी. घड्याळ लांबवलं की देऊळ वाढतं. आता तुम्ही म्हणाल, मग तेच करा, रविवारी आणखी दोन मिस्सा लावा. चर्चच्या कायद्यात ते बसत नाही. एका धर्मगुरूनं रविवारी फार तर तीन मिस्सा करायच्या, त्याही गरज असेल आणि बिशपांची परवानगी असेल तर. नोव्हेनाला ही मर्यादा नाही. फादरसुद्धा माणूस आहे, चौथ्या प्रवचनाला तो काय बोलेल, देव जाणे.

(या वेळी व्यासपीठावर चिठ्ठी आली.)

‘दहा मिनिटं.’ म्हणजे पाच. पडवीवर अजून आलोच नाही! बरं, भराभर सांगतो, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

आपल्याकडे घर वाढतं कसं? मुलाचं लग्न झालं, माणसं वाढली, की घर लांबवत नाहीत. बाजूला पडवी काढतात. छप्पर थोडं खाली उतरवायचं, चार खांब, झालं. तेच देवळाला करा. हिशेब बघा. १०० बाय ३० फुटांचं दालन ४० फूट लांबवलं तर १२०० चौरस फूट मिळाले आणि शेवटचा माणूस वेदीपासून १४० फुटांवर गेला. त्याऐवजी वेदीकडच्या ६० फुटांत दोन्ही बाजूंना दहा-दहा फुटांची पडवी काढा. तेवढेच १२०० चौरस फूट, माणशी सहा फूट धरले तर दोनशे माणसं, आणि शेवटचा माणूस अजून १०० फुटांवरच. टीव्ही नको, यंत्र नको, ‘आमेन’ एकाच वेळी.

भिंत फोडायची नाही. खिडकीखालची भिंत तेवढी काढायची, उंबऱ्यापर्यंत. वरची कमान जशीच्या तशी, तिच्यावरचा भार आधी जिथून उतरत होता तिथूनच उतरतो. आपण भूकंपाच्या मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहोत, म्हणून सगळ्या खिडक्या नाही, एकाआड एक, आणि तीही तपासणी करून. पडवीचे खांब स्वतंत्र पायावर घ्या, जुन्या भिंतीला बांधू नका. नवा पाया खचतो, जुना खचून बसलेला असतो, दोघांना जोडलंत की पहिल्याच पावसात तडा. मध्ये सांधा ठेवा, वर पत्र्याची पट्टी. जुन्या कौलांचं पाणी पडवीवर येणार, त्याला पन्हळ लागणारच. पडवीचं छप्पर वरच्या खिडक्यांच्या खाली ठेवा, म्हणजे उजेड आणि वारा शाबूत. आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा, कृपा करून, नको. ओल आत कोंडते आणि दगड कुजल्यासारखा सुटतो.

आक्षेप एकच येतो. पडवीतून वेदी पूर्ण दिसणार नाही. खरं आहे, काहींना तिरपी दिसेल, काहींना अर्धी. पण आज मंडपात बसणाऱ्याला दिसतो तो पुढच्या माणसाच्या पाठीवरचा शर्ट. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६३ सालीच सांगितलंय की देवळं बांधताना लोकांना उपासनेत भाग घेता येईल हे बघा. लोक वेदीच्या जवळ हवेत, पण ते वेदीच्या नाकासमोर सरळ रांगेतच हवेत असं कुठे म्हटलेलं नाही. आणि माझ्या आजीसारखी माणसं, आत की बाहेर हे ज्यांचं ठरलेलं नसतं, त्यांना बसायला दुसरी जागा नाही. तिसऱ्या मजल्यावरची ती बाई आधी पडवीतच येऊन बसेल. एसीच्या काचेचं दार ढकलून सरळ आत यायला धीर लागतो.

(सभागृहातून प्रश्न: तुमच्या धर्मग्रामात हे झालं का?)

नाही झालं. प्रस्ताव ‘पुढील बैठकीत विचारार्थ’ आहे, गेल्या पाच बैठका. शिवाय बिशपांची लेखी संमती लागते, ती मागायला आधी आमचा ठराव लागतो. मी एवढंच केलं, गेल्या नाताळला मंडपवाल्याला सांगितलं की मंडप पुढे घालू नकोस, दोन्ही बाजूंना घाल, भिंतीला लागून, आणि खिडक्या उघड्या ठेव. तो म्हणाला, ‘अंकल, लग्न आहे का?’ घातला त्यानं. लोक खिडक्यांशी बसले, गाणी म्हटली. त्याचं बिल नेहमीपेक्षा दीडपट आलं, ते अजून समितीपुढे आहे, आणि फरशीवाला गट त्यावर सही करायला तयार नाही. चिटणीस उभे राहिलेत. उठा, चहा आलाय.